आरशातली नव्हे

घरात तिला सगळे डावरीच म्हणत. लहानपणी डाव्या हाताने पेन्सिल धरली की आत्या बोटांवर पट्टी हाणायची. शेवटी पट्टी मोडली, पण खोड काही मोडली नाही.

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला जुन्या काळातला एक योद्धा आपल्या मनाने रचायचा होता. डावरीने काढली एक प्रौढ बाई: रुंद खांदे, मोडून जुळलेलं नाक, अंगभर चामड्याचं चिलखत. नमुना म्हणून ती स्वतःच डाव्या हातात पुठ्ठ्याची तलवार घेऊन आरशापुढे उभी राहिली. पण आरसाच तो! पहिल्या चित्रात तलवार गेली उजव्या हातात. घरचे खूश झाले, ही मात्र भडकली. तिने चित्र टराटरा फाडलं आणि सगळं नव्याने मांडलं. तलवार डाव्या हातात, ढाल उजव्या, म्यानही उजव्या कमरेला.

वर्गावर नवीनच आलेले सर चित्र बघून हसले. "आरशात बघून काढलंस आणि बाजू बदलायला विसरलीस ना? नवशिके इथेच आपटतात. उलटवून आण, नाहीतर प्रदर्शनात लागणार नाही."

वर्ग खिदळला. डावरीची कानशिलं तापली. भिंतीवरच्या त्या जागेसाठी तिने जिवाचं रान केलं होतं, आणि कॉम्प्युटरवर चित्र उलटवणं तर चुटकीसरशी झालं असतं.

"नाही उलटवणार," ती म्हणाली. "आरशातली केव्हाच फाडली, सर. ही डावरी आहे. माझ्यासारखी."

"अगं, लढाईत असली बाई पहिल्या झटक्यात मरेल!"

"मग मारा की."

तिने सरांच्या उजव्या हातात लांब पट्टी दिली, डाव्या हातात ढाल म्हणून ड्रॉइंग बोर्ड. दुसरा बोर्ड स्वतः घेतला आणि सोबत आणलेली पुठ्ठ्याची तलवार डाव्या हाताने उचलली. सरांनाही चेव आला. त्यांनी पट्टी उगारली, ती तिने बोर्डावर झेलली. सरांची ढाल भलत्याच बाजूला राहिली आणि पुठ्ठ्याचं टोक त्यांच्या उघड्या उजव्या बरगडीला जाऊन टेकलं. आता वर्ग हसला तो सरांना.

"लाव बाई, लाव," सर बरगडी चोळत म्हणाले. "पण खाली लिही, डावखुरी आहे म्हणून. लोकांना चूक वाटेल."

"वाटू दे."

खिळा तिने स्वतः ठोकला. हातोडी कुठल्या हातात होती, ते सगळ्या वर्गाने पाहिलं.