ताईंची किणकिण

ताई विमा कंपनीच्या शाखेतून निवृत्त झाल्या तेव्हा हाताखालच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना एक विंडचाइम दिला. पितळेच्या नळ्या, मध्ये लाकडाची चकती, खाली वारा धरायला एक पत्र्याचं पान. ज्या बाईने आयुष्यभर ऑफिसात कुणाला आवाज चढवू दिला नाही तिला आवाज करणारी वस्तू द्यायची कल्पना कोणत्या डोक्यातून निघाली, ते कधी कळलं नाही. ताईंनी तो घरी नेला, गॅलरीत टांगला, आणि त्या दिवसापासून त्यांना सौंदर्यदृष्टी आली. उतारवयात येणारे बाकीचे आजार परवडले.

ताई एकट्या राहत. लग्नाला वेळ मिळाला नाही असं त्या सांगत, आणि त्यांच्या हाताखाली काम केलेले लोक म्हणत, कुणीतरी बिचारा वाचला. आता मात्र त्यांच्याकडे वेळच वेळ होता. पितळेच्या जोडीला बांबूचा आला, बांबूच्या जोडीला काचेचा, मग शिंपल्यांचा, मग माणसाच्या हाताएवढ्या जाड नळ्यांचा एक आला, जो टांगायला गवंडी बोलवावा लागला. प्रत्येक नवा विंडचाइम आधीच्यापेक्षा मोठा. गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, तेव्हा ताईंनी कपडे न्हाणीघरात वाळत घातले आणि त्यांना कुबट वास येतो म्हणून साबणाला दोष दिला.

भेटायला येणाऱ्याची सुटका नव्हती. चहाच्या आधी गॅलरीत बसायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. बोललेलं चालत नसे. वारा पडलेला असेल तर ताई आतून टेबलफॅन आणत, खुर्चीवर ठेवत आणि तो तीनवर फिरवत. मग सगळं एकदम वाजायला लागे, शेजारचं कुत्रं भुंकायला लागे आणि ताई डोळे मिटून, मान तिरपी करून म्हणत, "अहाहा. कसं वाटतं?" उत्तराची वाट न बघता त्याच पुढे सांगत, की मन अगदी निवळतं.

ऐकणारे एकजात ढोंगी होते. सगळे म्हणत, हो, निवळतं.

त्यामुळे ताई विंडचाइम भेट द्यायला लागल्या. नवं घर घेतलं की विंडचाइम, मूल झालं की विंडचाइम, अपेंडिक्स काढलं की विंडचाइम. त्यांच्या दातांच्या डॉक्टरला दिला, ग्रंथालयातल्या बाईंना दिला. ग्रंथालयात, जिथे भिंतीवर शांतता राखायची पाटी असते, तिथे. मावसबहिणीच्या मुलीला लग्नात दोन दिले, एक दिवाणखान्याला आणि एक शेजघराला. आणि नुसतं देऊन ताई थांबत नसत. महिन्याभराने त्या फेरी मारत. लावलाय का, कुठे लावलाय, तिथे वारा लागतो का, हे बघून मगच पाणी पीत. ताई जिना चढताना दिसल्या की घरोघरी माळ्यावरून खोकी उतरत, आणि खुंटीला घाईघाईने काहीतरी लटकवलं जाई.

त्यांच्या धाकट्या भावाची बायको परिचारिका होती. सगळे तिला सिस्टरच म्हणत, घरातलेसुद्धा. ती मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळी आणि महिन्यातले निम्मे दिवस तिची रात्रपाळी असे. म्हणजे लोक कामाला निघत तेव्हा ती घरी येऊन झोपे. तिच्या शेजघराची खिडकी पश्चिमेला होती, दिवसभर वारा खाणारी. ताईंनी नेमकी तीच खिडकी निवडली आणि स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. सिस्टर तेव्हा नुकतीच डोळे लावून पडली होती. तिने पांघरुणाच्या फटीतून एवढंच पाहिलं, की आपला नवरा स्टूल धरून उभा आहे आणि हसतो आहे.

नवरा चष्म्याच्या दुकानात काम करी. माणूस सज्जन होता, म्हणजे कुणालाच नाही म्हणत नसे. सिस्टरने त्याला सांगितलं की ती घंटा काढा, मला झोप लागत नाही. तो म्हणाला, ताईला वाईट वाटेल. तिने विचारलं, आणि मला? त्यावर तो म्हणाला की तुला समज आहे. हा असा मान सिस्टरला लग्नापासून मिळत आला होता. शेवटी तिने नवऱ्याचा एक जाड लोकरी मोजा घेतला, लाकडाच्याच रंगाचा, आणि मधल्या चकतीला टोपीसारखा चढवून दोऱ्याने आवळला. मग कितीही वारा सुटला तरी नळ्या नुसत्या झुलायच्या. ताई येणार असल्या की मोजा काढायचा, गेल्या की पुन्हा चढवायचा. तिला या चोरीची लाज वाटे, आणि लाज वाटते म्हणून रागही येई.

एका दुपारी ताई न कळवता आल्या. सिस्टर नुकतीच उठली होती, नवऱ्याला सुट्टी होती. ताई थेट शेजघरात गेल्या, खिडकीसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, आज वारा छान आहे. मोजा चकतीवर तसाच होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे पाहिलं. बाहेर झुळूक आली, नळ्या हलल्या, मोज्यावर आदळल्या आणि हूं की चूं झालं नाही.

ताईंनी डोळे मिटले, मान तिरपी केली आणि म्हणाल्या, "अहाहा."

खोलीत नवऱ्याच्या हातातला कप बशीवर टेकल्याचा आवाज तेवढा झाला. ताई म्हणाल्या, "हा माझ्या सगळ्यांत आवडता. बघ, याचा सूर किती वेळ रेंगाळतो."

त्या गेल्यावर नवरा हसायला लागला. सिस्टरही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिला एकेक आठवायला लागलं. ताई फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघत, आणि लोकांना वाटे की ही बाई काय तोरा दाखवते. त्यांच्याशी बोलताना सगळे आपोआप ओरडून बोलत, मग ताई म्हणत की हल्लीच्या लोकांना बोलायची रीत नाही. सिस्टर रोज रुग्णांची नाडी बघत होती आणि घरातली ही साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती, कारण ताईंकडे कुणी नीट बघतच नसे. त्यांच्यापासून पळायचं कसं, एवढंच सगळे बघत. तिने नवऱ्याला सांगितलं की तुमच्या बहिणीला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्या. तो घाबरला. म्हणाला, वय झालंय, होतं असं, बोलून दाखवू नकोस. सिस्टर म्हणाली, "दिवसभर दुकानात बसून माणसांना दिसत नाही म्हणून सांगता. सख्ख्या बहिणीला ऐकू येत नाही म्हणून सांगायला जीभ उचलत नाही?" तो चष्मा पुसत बसला.

मग ताईच वॉर्डात आल्या. संध्याकाळची भेटीची वेळ होती, सिस्टर कामावर नुकतीच चढली होती. ताईंच्या हातात भलं मोठं खोकं होतं. वॉर्डासाठी आणलाय, म्हणाल्या, आजारी माणसांना प्रसन्न वाटेल. खिडकीकडे बोट दाखवून त्या एका रुग्णाच्या नातेवाइकाला स्टूल आणायला सांगू लागल्या. सिस्टरने त्यांचा दंड धरला आणि त्यांना चादरी ठेवायच्या खोलीत नेलं. इथे यंत्र वाजलं की आम्ही धावतो, तिने सांगितलं, त्यात ही किणकिण नको. ताई हटेनात. शाखा चालवलेली बाई, नकार घ्यायची सवय नव्हती. त्या मोठ्या आवाजात समजावू लागल्या की नादाने रक्तदाब उतरतो, आपल्याला स्वतःचा अनुभव आहे.

सिस्टरने खोक्यातून विंडचाइम काढला. ती ताईंच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने तो जोरात हलवला. काचेचा होता, चमचे सांडल्यासारखा वाजला. ताई समोरच्या चादरींना रक्तदाबाबद्दल सांगतच राहिल्या. दार उघडून दुसऱ्या परिचारिकेने डोकं आत घातलं आणि विचारलं, काय फुटलं? ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वळून सिस्टरच्या हाताकडे पाहिलं.

दार बंद झाल्यावर सिस्टर म्हणाली, "मघापासून वाजवतेय मी, ताई."

"मला तुझं बोलणं नीट ऐकू येतं."

"मी ओरडते म्हणून. आम्ही सगळेच ओरडतो. त्या दिवशी माझ्या खिडकीत तुम्ही ज्याला अहाहा म्हणालात, त्याला मी मोजा घातला होता."

ताईंचा चेहरा उतरलेला सिस्टरने पहिल्यांदा पाहिला. तिला वाटलं होतं, मजा येईल. आली नाही, असंही नाही. पण पुरती आली नाही. ताईंनी विंडचाइम तिच्या हातातून घेतला, खोक्यात नीट ठेवला, झाकण लावलं आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. भावजयीने भरल्या इस्पितळात आपल्याला बहिरी म्हटलं, असं ताईंनी सगळ्यांना कळवलं. आणि गंमत अशी, की सगळे ताईंच्या बाजूने झाले. ज्या मावसबहिणीने लेकीचे दोन्ही विंडचाइम फडक्यात गुंडाळून पलंगाखाली सारले होते, ती सिस्टरला म्हणाली की कुणाचं प्रेम असं तुडवू नये. चुलतभावाने त्याचा विंडचाइम कामवालीला देऊन टाकला होता, त्याने मोठ्या माणसांच्या मानाबद्दल अर्धा तास सुनावलं. नवरा म्हणाला, बोलायची गरज होती का? सिस्टरने सगळ्यांचं या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. खिडकीतला विंडचाइम मोज्यासकट काढला आणि कपाटावर टाकला. आता कुणाला कशाचं वाईट वाटायचं राहिलं नव्हतं.

बऱ्याच आठवड्यांनी ताईंचा फोन आला. आवाज इतका हळू होता की सिस्टरला आधी ओळखू आला नाही. तुमच्याकडचं उंच स्टूल घेऊन ये, एवढंच त्या म्हणाल्या.

ती गेली तेव्हा गॅलरीचं दार बंद होतं आणि फटीत टॉवेल कोंबला होता. ताईंच्या केसांआड कानामागे कातडीच्या रंगाचं छोटं यंत्र होतं. सिस्टरने त्याबद्दल काही विचारलं नाही. ताईंनी दार उघडलं. वारा होता. पितळ, बांबू, काच, शिंपले, जाड नळ्या, सगळं एकमेकांच्या अंगावर धावून जात होतं.

"हे असं वाजतं?" ताईंनी विचारलं.

"असंच वाजतं."

"आणि हे ऐकत बसत होते सगळे? फॅन लावून?"

"हो."

ताईंनी हात पुढे करून जाड नळ्या धरल्या. तेवढ्या नळ्या गप्प झाल्या, बाकीचे वाजतच राहिले. ताई म्हणाल्या, "ऑफिसात तो पहिला कुणीतरी हलवून दाखवला. सगळे म्हणाले, किती गोड. मला काहीच ऐकू आलं नाही. वाटलं, आपण मान डोलवली की झालं. मग मोठा घेतला, तो तरी ऐकू येईल म्हणून."

सिस्टर स्टुलावर चढली आणि एकेक सोडवून खाली देऊ लागली. तिला वाईट वाटत होतं आणि संतापही येत होता. एका मान डोलावण्यासाठी या बाईने निम्म्या गावाच्या खिडकीत खिळे ठोकले होते, आणि निम्म्या गावाने तेवढ्याचसाठी ते ठोकू दिले होते. कुणी कुणाला नावं ठेवावीत?

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" ताईंनी खालून विचारलं. आता त्यांचा आवाज ओळखीचा झाला होता, शाखेतला.

"तुम्ही विचारायचात आणि उत्तरही तुम्हीच द्यायचात."

"तरी सांगायला हवं होतं. एवढी शिकलेली माणसं."

जाड नळ्यांचा हूक गंजला होता, तो निघता निघेना. ताईंनी आतून पक्कड आणून दिली, आणि ती कशी धरायची तेही सांगितलं.

त्याच आठवड्यात ताईंनी सगळ्यांना फोन केले आणि ती वस्तू ताबडतोब काढून टाका म्हणून फर्मावलं. झोपमोड होते, शेजाऱ्यांना त्रास होतो, जराही विचार करत नाही तुम्ही लोक, असं झापलं. नातेवाइकांनी आज्ञा पाळली, म्हणजे खोकी जिथे होती तिथेच राहू दिली. दातांच्या डॉक्टरने एकट्याने नाही म्हटलं. त्याच्या दाराशी तो टांगलेला होता आणि पेशंटच्या कण्हण्यापेक्षा बरा वाटतो, असं त्याचं म्हणणं पडलं. ताईंनी दातांचा डॉक्टर बदलला.

सिस्टरचे त्यांनी आभार मानले नाहीत, मानले असते तर ती घाबरलीच असती. पण आता त्या रविवारी भावाकडे येतात, जेवणाच्या टेबलाशी बसतात आणि सिस्टर दुसऱ्या टोकाला बसून साध्या आवाजात बोलते, तेव्हा ताई तिच्या तोंडाकडे रोखून बघत नाहीत. त्या भाजीत मीठ कमी आहे म्हणतात, भावाचं पोट सुटलंय म्हणतात, इस्पितळातल्या कारभारावर चार गोष्टी सुनावतात. बाई तशीच आहे, काडीचा फरक नाही. फक्त आता सिस्टर उलट बोलते आणि ताईंना ते पहिल्याच वेळी ऐकू येतं. दोघींचं भांडण चांगलं रंगतं, आणि नवरा बशी घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसतो.