नाक-कमिटी

सकाळी सात वाजता काकूंनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, तीनदा खोल श्वास घेतला आणि साऱ्या वस्तीच्या वतीने तक्त्यात शून्य लिहिलं. उद्योग आणि समाज यांच्यातला विश्वास अशा निःस्वार्थ श्वासांवरच उभा असतो, असं रसायन कारखान्याच्या वार्षिक अहवालात छापलेलं होतं. निःस्वार्थ म्हणजे महिन्याकाठी दोन साबणवड्या मिळत. सुवासिक.

समितीचं खरं नाव 'शेजारी गंध निरीक्षण समिती'. वस्ती तिला नाक-कमिटी म्हणे, आणि कारखान्याच्या सामाजिक जबाबदारी विभागाच्या अधिकाऱ्यांना जबाबदारीसाहेब. आठ शेजाऱ्यांनी रोज सकाळी हवा हुंगायची आणि शून्य ते पाच यांतला एक आकडा टाकायचा. सलग तीन दिवस आकडा तीनच्या वर गेला, तर सांडपाण्याची उघडी टाकी कारखाना झाकून घेईल, असा लेखी करार होता. दोन वर्षांत आकडा एकच्या वर गेला नव्हता. करार चौकटीत घालून स्वागतकक्षात लावला होता.

काकू समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या निव्वळ नाकाच्या जोरावर. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. दुधाचा कॅन दाराबाहेर असतानाच "परत न्या" म्हणणारी बाई अशी त्यांची ख्याती. दूधवाले त्यांच्यासमोर चळचळा कापत.

काकू तक्त्यावर सही करत होत्या, तेवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी भाडेकरू होती. कडेवर चार वर्षांची मुलगी, हातात कागद.

"काकू, तक्रारीचं उत्तर आलंय. ऐका. 'समितीच्या नोंदीनुसार त्या दिवशी वास शून्य. तक्रार निकाली.' शून्य? पोरगी आजही उठल्या उठल्या ओकली."

"लहान मुलांचं पोट नाजूकच असतं."

"पोट नाही हो, वास. सडक्या अंड्यांवर कुणी फिनेल ओतावं तसा. तुम्हाला खरंच येत नाही?"

"हे बघ, मी कुणासाठी आकडे फुगवत नाही. ज्याला खोटं बोलायचंय त्याने स्वतःच्या नाकाने बोलावं."

"म्हणजे आम्ही खोटारडे? अहो, इथे राहायला येऊन चार महिने झाले, मी या पोरीला—"

भाडेकरू बोलता बोलता थांबली. मुलीला दाराबाहेर उभं करून ती तीरासारखी आत घुसली, शेगडीचं बटण बंद केलं आणि घरातल्या उरलेल्या खिडक्याही सताड उघडल्या.

"काकू, गॅस! केव्हापासून सुटलाय?"

हवा हुंगायला उघडलेल्या खिडकीतून वारा आला होता आणि चहाच्या भांड्याखालची ज्योत विझली होती. काकू शेगडीपासून दोन हातांवर बसून शून्य लिहीत होत्या.

त्यांनी शेगडीवर वाकून श्वास घेतला. मग एका साबणवडीचा कागद फाडून ती नाकाशी धरली. मग मोरीतली फिनेलची बाटली आणून तिचं बूच काढलं. ही बाटली त्यांनी बराच वेळ धरून ठेवली.

"आई, आजी ते पिणारे का?" मुलीने दारातून विचारलं.

"मागे सर्दी झाली होती," काकू म्हणाल्या. "मागे म्हणजे... झाली असेल दोन-तीन वर्षं."

मग त्यांनी बटाट्यांची टोपली पुढे ओढली.

"यातला सगळ्यात घाण कुठला, ते सांग मला."

भाडेकरूने तोंडाला रुमाल लावून तळाशी पाझरणारा एक काळा बटाटा दाखवला. काकूंनी तो डब्यात भरला.

दुपारी चारला कारखान्याच्या थंडगार सभागृहात मासिक बैठक होती. काकूंनी डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. सात सदस्य बिस्किटं खात होते, ते खात राहिले.

"काय अध्यक्षबाई, आज खाऊ?" निवृत्त पोस्टमनने मान लांब करून आत पाहिलं. "हात्तिच्या, बटाटा! तोही एकच. आठ जणांत पुरायचा कसा?"

सगळे हसले. तेवढ्यात जबाबदारीसाहेब दारात आले आणि तिथेच थबकले. त्यांनी रुमाल काढून नाकावर दाबला.

"अरे, काय मेलंय इथे?"

आठ चेहरे त्यांच्याकडे वळले. पोस्टमनने डब्यावर वाकून हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग चष्मा काढून तो पुसत बसला.

"साहेब, तुम्ही राहायला कुठे?" काकूंनी विचारलं.

"मी? शहराच्या त्या टोकाला. गाडीने तासभर. का हो?"

"तरीच. आमची नाकं गेली आहेत, साहेब. सगळ्यांची. आमचे दोन वर्षांचे आकडे रद्द करा."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते खुर्ची थोडी लांब ओढून बसले आणि रुमालाआडून मायेने म्हणाले,

"काकू, तुम्ही कधी खोटा आकडा लिहिलात?"

"नाही."

"वास आला नाही, म्हणूनच शून्य लिहिलंत ना?"

"हो, पण—"

"मग खरंच आहे की ते! प्रामाणिक नोंद हाच तर आपल्या उपक्रमाचा आत्मा."

"आत्मा राहू द्या. नाकाचं बघा. माझ्या जागी आमच्या खालची भाडेकरू घ्या. तिचं शाबूत आहे. मी आत्ता राजीनामा लिहून देते."

साहेबांचा चेहरा उजळला. नवीन सदस्य त्यांना हवेच असत, फोटोला बरे दिसत. त्यांनी कपाटातून नियमावली काढली आणि एका हाताने पानं उलटली. पाचव्या पानावर बोट थांबलं.

"सदस्य वस्तीत सलग दहा वर्षं राहत असला पाहिजे," त्यांनी वाचलं. "उपऱ्यांनी येऊन नाक खुपसू नये म्हणून. तुमचीच सूचना होती, काकू. बैठकीच्या इतिवृत्तात नाव आहे तुमचं."

पोस्टमनने हळूच डब्याचं झाकण लावलं. साहेबांनी रुमाल काढला. भाडेकरूने अर्ज आजही करायला हरकत नाही, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. तो नऊ वर्षं आठ महिन्यांनी विचारात घेतला जाणार होता.