फरक न पडणाऱ्यांचं मतदान

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळं व्यर्थ वाटू लागलं, तर नवल ते काय? वर गेलेली प्रत्येक गोष्ट खाली येताना तो रोज बघतो. आमच्या या मिस्त्रीने अर्धं आयुष्य लिफ्टच्या बोगद्यात काढलं आणि एके दिवशी जेवताना जाहीर केलं की कशालाच काही अर्थ नाही. बायको म्हणाली, नसेना का, स्वतःचं ताट तेवढं विसळा.

घरात दाद मिळेना, तेव्हा त्याने फोनवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'शून्य'. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणून बायकोने नाक मुरडलं, पण ग्रुप हां हां म्हणता भरला. दातांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या, एक निवृत्त हेडमास्तर आले, एक नर्स आली. कोण कुठले, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. डॉक्टरीणबाईंनी नियम केले: सुप्रभात नाही, शुभेच्छा नाहीत, हसरे चेहरे तर मुळीच नाहीत. 'मौनी' असं टोपणनाव घेतलेला एक जण सगळं वाचायचा, पण लिहायचा अवाक्षर नाही.

मिस्त्री मात्र सुखात होता. संध्याकाळी हाताचं ग्रीस धुऊन बसला, की आयुष्य फुकट कसं आहे यावर इतका रंगून लिहायचा की चहा गार व्हायचा.

मग हेडमास्तरांनी मोडता घातला. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, कशालाच अर्थ नाही, तर ग्रुप इतक्या निगुतीने का सांभाळता? भांडणं मिटवता, कोणी गप्प झालं की चौकशी करता. हे ढोंग नाही का?"

मिस्त्री माणूस सरळ, ढोंग हा शब्द त्याच्या जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मतदानच लावलं. संध्याकाळी सहापर्यंत त्याच्याखेरीज एकाने जरी 'चालू ठेवा' म्हटलं तर ग्रुप राहील, नाहीतर बंद. पर्याय तीन: चालू ठेवा, बंद करा, काही फरक पडत नाही. तिसरा त्याने निव्वळ सवयीने टाकला, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

त्या दिवशी तो एका उंच इमारतीच्या लिफ्टवर चढून काम करत होता. आत रेंज नाही. बाहेर आला तेव्हा सहा वाजून गेले होते. त्याने घाईघाईने फोन पाहिला. मौनी सोडून झाडून सगळ्यांनी मत दिलं होतं, आणि सगळ्यांनी तेच दिलं होतं: काही फरक पडत नाही. बरोबरच होतं. रोज शून्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी चारचौघांत 'मला हे हवंय' म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

मिस्त्री हत्यारांच्या पेटीवर बसला. त्याला फार वाईट वाटलं. इतकी माणसं जोडली होती. उद्यापासून पुन्हा तो, तो बोगदा आणि ते दोर. पण शब्द दिला म्हणजे दिला. ग्रुप बंद करायला त्याने बोट पुढे केलं, तेवढ्यात फोन वाजला. मौनीचा पहिलाच संदेश होता.

"मतदान संपलं का? बसमध्ये होतो, रेंज नव्हती. माझं मत 'चालू ठेवा'ला. लिहीत नसलो तरी रोज वाट बघतो."

लगेच डॉक्टरीणबाईंनी लिहिलं की सहा वाजून गेलेत, हे मत नियमात बसत नाही.

मिस्त्रीने घाम पुसला आणि लिहिलं, "डॉक्टर, वेळेला तरी कुठे काही अर्थ आहे?"

मग डॉक्टरीणबाईंकडूनच एक हसरा चेहरा आला. पाठोपाठ नर्सचा. हेडमास्तरांनी तर दोन पाठवले.

नियमाप्रमाणे मिस्त्रीने ते सगळे पुसायला हवे होते. त्याऐवजी त्याने बायकोला फोन लावला आणि सांगितलं की निघालोय, आज दोघांची ताटं मीच विसळतो.