दोन वायरींची गाठ

ताईच्या जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जळला. त्याचे पार्ट आता कुठेच मिळत नव्हते. गॅरेजवाल्यांनी हात वर केले, तेव्हा उरला धाकटा भाऊ. तोही मेकॅनिकच. चाळिशी उलटली तरी ताईसाठी तो छोट्याच.

"भंगारातून साधा गिअरबॉक्स आणतो, क्लच बसवतो. पळेल पुन्हा," तो म्हणाला.

भावोजी हसले. "मेव्हणेबुवा, तुमची बहीण अकरा वर्षं एकाच पायानं गाडी हाकतेय. आता दुसऱ्या पायालाही कामाला लावणार?"

"तुम्हाला कामाला लावणं मला काही जमलं नाही," ताई म्हणाली, "निदान पायाला तरी लावते."

आठ दिवस छोट्या गाडीखाली पडून होता. काम चोख झालं. एकच गोष्ट राहिली. पूर्वी गिअरचा दांडा पार्किंगच्या 'पी'वर किंवा न्यूट्रलवर असल्याशिवाय गाडी सुरूच होत नसे. ती सोय सांभाळणाऱ्या दोन वायरी आता क्लचखालच्या स्विचला जोडायच्या होत्या, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय ती सुरू झाली नसती. तो स्विच मिळेना. त्यानं दोन्ही वायरी एकमेकींना पिळून जोडल्या, वर टेप गुंडाळली; आता क्लच न दाबताही गाडी सुरू होणार होती. उद्या लावू.

माणसाचं मन उघड खोटं बोलत नाही. खरं तेवढं उद्यावर ढकलतं.

त्यानं ताईला क्लच शिकवला, गिअर शिकवले. "हँडब्रेक ढिला आहे, उभी करताना पहिल्या गिअरमध्ये ठेव," हेही बजावलं. वायरींचं मात्र बोलला नाही. आणि त्या घराची सकाळ तर त्याला पाठ होती. भावोजी शटर उचलायला गाडीपुढे जायचे आणि ताई बाहेरूनच खिडकीतून हात घालून चावी फिरवायची. इंजिन गरम होईस्तोवर पिशव्या आत ठेवायची.

दुसऱ्या सकाळी तिनं तसाच उजवा हात घातला. गाडी गिअरमध्येच होती. ती उडी मारून पुढे गेली. भावोजींनी शटर अर्धंच उचललं होतं; ते मधे सापडले.

भावोजींचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"हात सवयीचा, गिअर नवे. होतं असं," जो तो म्हणाला. छोट्याही म्हणाला. दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून तो ताईला घास भरवत होता, कारण उजव्या हातानं ती काही घेईचना.

तिसऱ्या दुपारी ती हात जोडून पुटपुटताना त्यानं ऐकलं, "देवा, हा हात झडला असता तर बरं झालं असतं रे."

त्यानं हातातला घास डब्यात परत ठेवला. "ताई, हात तुझा नाही. माझा. दोन वायरी मी जोडून ठेवल्या होत्या. नसत्या जोडल्या तर गाडी जागची हलली नसती."

तिनं सगळं ऐकलं. एकदा पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं पुन्हा सांगितलं.

"हे पहिल्या दिवशी ठाऊक होतं तुला?"

"हो."

"आणि मला घास भरवत होतास."

तिनं डबा त्याच्याकडून काढून घेतला, झाकण घट्ट लावलं, बाकावर दोघांच्या मधे ठेवला. मग उठली, भावोजींच्या खोलीत गेली आणि उजव्याच हातानं दार आतून लावून घेतलं.