विमलाबाईंच्या विहिरीचं पाणी

“उद्या येनार होते ना तुमी?” विमलाबाईंनी घमेलं पाठीमागं लपवलं, पण विहिरीच्या कठड्यावर चुना सांडलेला होताच.

मुद्दामच एक दिवस आधी गेलो होतो. स्वभावच संशयी माझा. गंगापूर रोडला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासतो. विंचूरच्या अलीकडच्या या वस्तीचं म्हणणं, वायनरीचं, म्हणजे वाइनच्या कारखान्याचं, आंबट सांडपाणी ओढ्यात सोडतात. म्हणून दर महिन्याला ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी न्यायचं, आंबटपणा मोजायचा आणि कोणते जंतू तगले, कोणते गेले, ते मागच्या महिन्याशी ताडून पाहायचं. पाणी आंबट झालं की नेहमीचे जंतू मरतात, आंबटात जगणारे तेवढे माजतात. लांबच्या विहिरींतसुद्धा तसंच दिसत होतं. आणि ओढ्याला चिकटून असलेली विमलाबाईंची विहीर मात्र ठणठणीत! कसं शक्य आहे? वायनरीचा वॉचमनच विहिरीत काहीतरी टाकत असणार, म्हणून मी त्याच्यावर डूख धरून होतो. दोनदा त्याच्याशी भांडलोही.

“अहो, चुन्यानं आंबटपणा मरतो! तुमच्या विहिरीमुळं वायनरी सुटतेय! त्यांनीच सांगितलं ना तुम्हाला चुना टाकायला?”

“जीभ आवरा, भाऊ!” बाईंनी घमेलं आपटलं. “माज्या नवऱ्यानं आन मी हातानं खांदलीय ही. गावच्या विहिरीवर आमाला चढू देत नव्हते. आमचं पाणी बाटलेलं, हे सासूनं ऐकलं, मी ऐकलं. आता तुमच्या मशीनीतून बी तेच निघायचं? म्हनून तुमी यायच्या आदल्या दिशी टाकते. वास जातो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी विचारलं,

“नातवंडं हेच पाणी पितात ना?”

“मंग दुसरं कुठलं?”

“विहीर चांगली निघाली तर टँकर येणार नाही, बाई. वायनरीला कोणी जाबही विचारणार नाही.”

बाई कठड्यावर बसल्या.

“तुमी तरी खरं लिवाल, कशावरून?”

“तुमच्यासमोर मोजतो.”

नंतर चुना पडला नाही. दर महिन्याला बाटली बाई स्वतः भरायच्या आणि मी आंबटपणा मोजताना शेजारी उभ्या राहायच्या. आंबटपणा वाढतच गेला. वायनरीच्या नाल्यात सापडलेलेच जंतू त्यांच्या विहिरीत निघाले.

अहवाल ग्रामसभेत वाचला गेला. ग्रामसेवकानं घाईघाईत उरकलं, “विमलाबाईंच्या विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य.”

मागून कोणीतरी हसलं. “तरी आमी म्हनतच व्हतो!”

माझं डोकंच फिरलं. पण मी उठायच्या आत बाई उठल्या.

“फुडं वाचा.”

“अहवाल जोडलाय, बाई. ज्याला पाहिजे त्यानं...”

“घाण हाय, ते समद्यांनी ऐकलं. कुनामुळं झालं, ते बी वाचा. मोठ्यानं.”

ग्रामसेवकानं पान उलटलं आणि वाचायला लागला. त्याचं वाचून होईपर्यंत बाई उभ्याच होत्या.