पुरावा नसलेलं वाक्य

एकेकाळी मी पोहण्याच्या शर्यती जिंकायचे, म्हणून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात माझं एक पान आहे. कुणीही उठावं आणि त्यात भर घालावी, अशी सोय. परवा कुण्या उपटसुंभानं घातलीच: ‘त्यांची मुलगी दत्तक आहे.’

माझं डोकंच फिरलं. लेकीला आम्ही हे सांगितलेलं नाही. नवरा कधीपासून म्हणतोय, "सांगून टाकू गं, कोंबडं झाकून कुठवर ठेवणार?" मी म्हणायचे, परीक्षा होऊ दे. परीक्षा काय, होतच राहिल्या. खरं म्हणजे मला भीती वाटते. ती मला परकी समजेल याची.

संशय अर्थात नणंदेवर. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी आता पोहायला शिकवते त्या तलावाच्या ऑफिसात, ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून, मी कोशवाल्यांना खरमरीत मेल लिहिला. उत्तर एका स्वयंसेवकाचं आलं, फारच सभ्य. हयात माणसांबद्दल पुराव्याशिवाय ते काही ठेवत नाहीत म्हणे. काढतो म्हणाला. फक्त नोंदीसाठी विचारलं, माहिती खोटी आहे का?

‘धादांत खोटी,’ मी लिहिलं.

वाक्य गेलं. चर्चेच्या पानावर त्यानं कारणही लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं: ‘संबंधित व्यक्तीने माहिती खोटी असल्याचे कळवले आहे.’ मी हुश्श केलं, नणंदेला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि पोरांना पाण्यात श्वास सोडायला शिकवायला गेले.

संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात आली, हातात मोबाइल.

"आई, रागावू नकोस हं. ते वाक्य मी टाकलं होतं."

मी गॅस बंद केला.

"आत्याच्या तोंडून मागे काहीतरी निसटलं होतं. तुला तोंडावर विचारायची हिंमत होईना. तू ते पान सारखं उघडतेस ना, म्हटलं, वाचशील आणि आपणहून बोलशील. खरं असेल तर राहू देशील." ती हसत होती, पण डोळे सुजलेले होते. "तू कळवलेलं वाचलं आत्ता. आत्या पण ना, काहीही फेकते! कित्येक दिवस झोप नव्हती गं मला. खोटंच ना?"

दारात नवरा उभा होता. मला रडू येईना, राग येईना, काहीच होईना. सगळं बधिर.

"खोटंच," मी म्हणाले.

तिनं मला घट्ट मिठी मारली आणि भूक लागली म्हणून जेवायला वाढ म्हणाली.