माहेरचं कार्ड

नीलाच्या लग्नात चंद्रकांतने ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘प्रतिमा’ असं लिहिलं, तेव्हा शालनबाईंच्या जिवावरचं ओझं उतरलं. लेकीचं नाव बदललं की आया डोळे पुसतात. ही बाई मनातून सुखावली होती.

कारखान्याच्या दवाखान्यात कामगाराच्या नंबराखाली घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं कार्ड असे. लग्नाआधी नीलाच्या पायात खिळा गेला होता. तिथे तिला पेनिसिलीनची सुई दिली आणि पोरगी बघता बघता निळी पडली. तेव्हाच्या डॉक्टरांनी शर्थ केली म्हणून वाचली. त्यांनी तिच्या कार्डावर तांबड्या शाईनं लिहिलं, ‘पेनिसिलीन कधीही देऊ नये’, आणि शालनबाईंना बजावलं, “पुढच्या खेपेला वाचायची नाही. जाल तिथे आधी हे सांगा.”

सांगायचं कुणाला? बंगळूरच्या त्या वसाहतीत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. एका घरात कुणी शिंकलं की दुसऱ्या घरात काढा उकळायचा. पोरीला सुई सोसत नाही असा बभ्रा झाला, तर खोट असलेली मुलगी कोण करून घेणार? शालनबाईंनी स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं आणि नीलाच्याही घातलं. स्थळ त्याच कारखान्यातलं मिळालं. लग्नानंतर नवऱ्याच्या नंबरावर प्रतिमा या नावाचं कोरं कार्ड निघालं. जुनं कार्ड वडिलांच्या, म्हणजे उमाजींच्या, नंबराखाली पडून राहिलं आणि तांबडी शाईही तिथेच राहिली. या बाईच्या मायेला अक्कल नव्हती, दुसरं काय म्हणायचं!

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या थंडीत नीलाला ताप भरला, छाती दाटून आली. निरोप मिळताच शालनबाई दवाखान्यात धावल्या. खाटेशी विहीण, अहल्याबाई, बसल्या होत्या. जावई दाराशी उभा होता. डॉक्टर भीमाचार्य तिथे नवेच आलेले, धारवाडकडचे. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

“न्यूमोनिया आहे. भिऊ नका, पेनिसिलीननं उतरेल. आधी कधी कुठलं औषध बाधलं होतं काय हिला?”

“छे हो!” अहल्याबाई म्हणाल्या. “आमची सून ठणठणीत. पारखूनच केलीय.”

नीलानं डोळे उघडले. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं आईकडे पाहिलं आणि ओठ हलवले. शालनबाईंनी विहिणीच्या पाठीमागून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. थांब, मी सांगते. डॉक्टरांना बाहेर एकटं गाठायचं आणि हळूच कानावर घालायचं, म्हणजे सासरी कळायला नको, असा त्यांचा बेत होता.

पण व्हरांड्यात जावयानं डॉक्टरांना गाठलं. रजा, डबा, रात्री कुणी थांबायचं, त्याचं विचारणं काही संपेना. शालनबाई खांबाशी पदर पिळत उभ्या राहिल्या. नर्स गंगव्वा ट्रे घेऊन त्यांच्या शेजारून आत गेली. आधी ताप बघत असतील, असं त्यांनी मनाला समजावलं. जावयासमोर जीभ रेटेना.

अखेर “सरी, डॉक्टर, ठीक आहे,” म्हणून चंद्रकांत वळला. शालनबाई पुढे धावल्या.

“अण्णा, तिला ती सुई देऊ नका. मागे मरता मरता वाचलीय.”

भीमाचार्य पुढचं ऐकायला थांबले नाहीत. ते पळत सुटले, तोच आतून अहल्याबाईंची किंकाळी आली.

बराच वेळ आत खटपट चालली. मग डॉक्टर बाहेर आले. “वाचवता आलं नाही,” ते चंद्रकांतला म्हणाले.

“अक्का,” ते शालनबाईंकडे वळले. “ती चांगली शुद्धीवर होती. सुई कशाची, ते तिनं गंगव्वाला विचारलं. कळल्यावर एकदा दाराकडे बघितलं आणि मुकाट्यानं कुशीवर वळली. एक शब्द का बोलली नाही ती?”

जावई होता, विहीण होती, खबर ऐकून वसाहतीतल्या बायाही जमल्या होत्या. शालनबाईंना आता कुणाचीच भीती वाटेना.

“मी तिला गप्प राहायला सांगितलं होतं,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “लहानपणापासून माझा शब्द मोडत नाही ती.”